जुन्या फ्लॅटमध्ये गीझर घेताना आधी बाथरूमचा झरोका बघा

थंडी पडायला लागली की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हा विषय निघतोच. गॅस गीझर घ्यावा की इलेक्ट्रिक? आणि दर वेळी 'गॅस स्वस्त पडतो' या एका वाक्यावर विषय मिटतो. मला ते वाक्य आता ऐकवत नाही.

स्वस्त पडतो हे खरंच आहे. २० लिटरची बादली अंघोळीपुरती गरम करायला साधारण अर्धा युनिट वीज लागते. बिल १०० युनिटच्या पुढे गेलं की युनिट काही दहा रुपयांच्या खाली पडत नाही, म्हणजे बादली पाच-सहा रुपयांची. तीच घरगुती सिलिंडरवर तीनेक रुपयांत तापते. चौघांच्या घरात महिन्याला तीनशेच्या आसपास वाचतात.

आता १९८०च्या आसपास बांधलेल्या पुण्यातल्या इमारतींमधलं बाथरूम डोळ्यांसमोर आणा. चार बाय सहाची खोली. वर काचेच्या पट्ट्यांचा झरोका, तोही डास आणि गार वारा नको म्हणून पुठ्ठा लावून बंद केलेला. त्या खोलीत कडी लावून आपण स्वयंपाकघरातल्या मोठ्या बर्नरच्या तीन-चार पट ताकदीची शेगडी पेटवतो. स्वस्तातल्या बऱ्याच गीझरना जळका वायू बाहेर न्यायला पाइपच नसतो. खोलीतला ऑक्सिजन कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडर गळला तर कळतं, कारण त्यात मुद्दाम वास घातलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला मात्र रंगही नाही, वासही नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो. डोकं जड होतं, पाय लटपटतात आणि कडी काढायचंही त्राण उरत नाही.

शेजारच्या विंगमधल्या एका कॉलेजच्या मुलीला दार फोडून बाहेर काढलं. नळ चालू, गीझरची ज्योत पेटलेली, गॅसचा वास अजिबात नाही. घरचे फिट आली, फिट आली म्हणत होते. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "घरी गीझर कुठला आहे?" पोरगी वाचली. आपल्याकडचे न्यूरोलॉजिस्ट याला 'गॅस गीझर सिंड्रोम' म्हणतात, इतकं हे त्यांच्या ओळखीचं झालंय. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर अशा वेळी आकडा चांगला दाखवतो, त्यावर विसंबू नका.

कुणीतरी म्हणेलच, पूर्वी बंब होतेच की. होते, पण कौलारू न्हाणीघरात नाहीतर मागच्या अंगणात. आणि धूर डोळ्यांत गेला की माणूस आपोआप बाहेर यायचा.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: जुन्या फ्लॅटच्या बाथरूममध्ये इलेक्ट्रिकच. मात्र तोही नुसता आणून जुन्या बोर्डाला जोडायचा नाही. तीन किलोवॅटचा इन्स्टंट गीझर १३ अँपिअर ओढतो. जुन्या इमारतींमध्ये कुठे ॲल्युमिनियमची वायर, कुठे तारेचे फ्यूज, आणि अर्थिंग तर कित्येकदा नावापुरतं. मेन बोर्डापासून गीझरसाठी तांब्याची स्वतंत्र वायर ओढून घ्या, दोन किलोवॅटला अडीच एमएमची, तीनला चार एमएमची. १६ अँपिअरचा प्लग, वेगळा एमसीबी (जास्त करंट ओढला की आपोआप पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवाच. अर्थिंग वायरमनकडून समोर उभं राहून तपासून घ्या. गॅसवर वर्ष-दोन वर्षांत जे वाचलं असतं, ते यात जाईल. जाऊ द्या.

गॅसच हवा असेल तर गीझर उघड्या ड्राय बाल्कनीत बसवा आणि फक्त गरम पाण्याचा पाइप आत घ्या. बाल्कनी काचा लावून बंद केलेली असेल तर तेही नको. पाइप गॅसवर सिलिंडरचा गीझर तसाच जोडू नका, दोन्हींचे जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणारी बारीक छिद्रं, वेगळे असतात.

पेठांमध्ये, कर्वेनगरात विद्यार्थ्यांना खोल्या भाड्याने देणाऱ्या घरमालकांना तर हात जोडून विनंती आहे. तिथे चार पोरं एकामागून एक अंघोळ करतात, मध्ये दार उघडं ठेवायलाही कुणाला वेळ नसतो, आणि चौथ्याच्या वाट्याला आधीच्या तिघांनी साठवलेली हवा येते. बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर या रविवारीच प्लंबर बोलावून काढून टाका. तो येईपर्यंत झरोक्याचा पुठ्ठा काढा आणि दारावर कागद चिकटवा: दार उघडं ठेवून बादली भरा, गीझर बंद करा, मगच कडी लावा.