मारिओ जोरात पळत नाहीये, तुमचा रीजन चुकलाय

जुन्या टीव्ही गेमची कॉम्प्युटरवर नक्कल करणारं सॉफ्टवेअर म्हणजे इम्युलेटर. कुणी बिचारा विचारतो, "इम्युलेटरवर मारिओ एवढा जोरात का पळतोय? लहानपणी टीव्हीवर असा नव्हता." लगेच चारही दिशांनी विद्वान धावून येतात. कॉम्प्युटर फार फास्ट आहे, प्रोसेसरचे कोर बंद कर. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नवा टाक. स्पीड ८० टक्क्यांवर आण. आणि सगळ्यात डोक्यात जाणारं उत्तर: "अरे, लहानपणी सगळंच निवांत वाटतं. आठवणींचा खेळ असतो तो."

डोंबलाचा आठवणींचा खेळ! त्या माणसाची आठवण शंभर टक्के बरोबर आहे. चूक सल्ला देणाऱ्यांची आहे.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी जो 'टीव्ही गेम' होता, ज्यात पिवळी कॅसेट फुंकर मारून खुपसायची, तो बहुतेक घरांत निन्टेन्डोचा नव्हताच. १९८३ साली जपानमध्ये आलेल्या फॅमिकॉमची ती नक्कल, म्हणजे क्लोन. मूळ जपानी आणि अमेरिकन यंत्र एनटीएससी या तिकडच्या पद्धतीच्या टीव्हीसाठी बनलेलं, सेकंदाला सुमारे ६०.१ फ्रेम, म्हणजे चित्रं, काढणारं. आपला टीव्ही पाल पद्धतीचा, ५० हर्ट्झचा. त्यामुळे पाल टीव्हीसाठी बनलेले क्लोन सेकंदाला ५० फ्रेम काढायचे. या काळातल्या गेममध्ये हिशोब घड्याळाने होत नाही, फ्रेमने होतो. फ्रेम कमी, की मारिओ हळू, गोळ्या हळू, गाणंही हळू. साधारण १७ टक्के हळू. उलट बाजूने मोजलं, तर आज इम्युलेटरवर दिसतो तो गेम लहानपणीच्या गेमपेक्षा २० टक्के जोरात पळतोय. हे न कळायला काय झालं?

विश्वास बसत नसेल तर मोबाइलचं स्टॉपवॉच काढा. मारिओच्या पहिल्या लेव्हलमध्ये सुरुवातीलाच उभे राहा, काही करू नका. वरच्या कोपऱ्यातला 'टाइम' दर २४ फ्रेमला एकाने उतरतो. १०० आकडे उतरायला ४० सेकंद लागले तर यंत्र ६० हर्ट्झचं. ४८ लागले तर आपल्या घरातलं. एवढी साधी चाचणी आहे, पण ती कोण करणार! त्यापेक्षा कोर बंद करायला सांगणं सोपं.

आता "स्पीड ८० टक्के कर" या सल्ल्याकडे वळू. इम्युलेटरचा स्पीड नुसता खेचून खाली आणला की बहुतेक ठिकाणी आवाजही सोबत खाली येतो, नाहीतर तुटक होतो. मारिओचं गाणं बॅटरी उतरलेल्या टेपरेकॉर्डरवर लावल्यासारखं रडायला लागतं. लहानपणी असं वाजायचं का? नाही. तेव्हा लय मंद होती, सूर तोच होता.

थोडे शहाणे असतात ते रीजनमध्ये, म्हणजे यंत्र कुठल्या देशाचं ते ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये, जाऊन 'पाल' निवडतात आणि आणखी गोत्यात येतात. इथे नीट लक्ष द्या, कारण हा घोळ जवळपास प्रत्येक जण करतो. इम्युलेटरमधलं 'पाल' म्हणजे निन्टेन्डोने युरोपात विकलेलं अधिकृत यंत्र. त्याचा प्रोसेसर १.६६ मेगाहर्ट्झवर चालतो, अमेरिकन यंत्राचा १.७९ वर. या यंत्रांत आवाज प्रोसेसरच्याच घड्याळावर बनतो, त्यामुळे सूर उतरतो. काळी एकमधलं गाणं थेट पांढरी एकच्याही खाली जातं. शिवाय पडद्याची एक ओळ रंगवून होईपर्यंत प्रोसेसरला किती काम करता येतं, ते गणित बदलतं. अमेरिकन किंवा जपानी रॉम, म्हणजे कॅसेटमधल्या गेमची फाइल, त्या जुन्या गणितावर लिहिलेला असतो. मग स्कोअरची पट्टी थरथरते, पडदा मध्येच फाटल्यासारखा दिसतो, एखादा गेम चालतच नाही.

क्लोन बनवणारे या बाबतीत निन्टेन्डोपेक्षा हुशार निघाले. तैवानच्या युएमसी कंपनीच्या यूए६५२७पी चिपसारख्या पाल क्लोन-चिपांत प्रोसेसर १.७७ मेगाहर्ट्झवर ठेवलेला असतो, म्हणजे सूर जवळपास तोच. प्रत्येक ओळीला मिळणारा प्रोसेसरचा वेळही अमेरिकन यंत्राइतकाच. पाल टीव्हीच्या ३१२ ओळी भरण्यासाठी ज्या जादा ओळी लागतात, त्या चित्र संपल्यावर रिकाम्या सोडल्या जातात आणि मगच गेमला 'फ्रेम झाली' असा निरोप जातो. गेमला पत्ताही लागत नाही की आपण परक्या टीव्हीवर आहोत. म्हणून पिवळ्या कॅसेटमधले जपानी-अमेरिकन गेम आपल्याकडे न अडखळता चालायचे.

इम्युलेटरमध्ये या सगळ्याचं नाव आहे 'डेंडी'. रशियात १९९२ पासून विकल्या गेलेल्या क्लोनचं ते नाव. आपल्या घरातल्या यंत्राला रशियन ब्रँडच्या नावाने शोधावं लागतं, कारण त्यांनी आपल्या क्लोनचा अभ्यास केला आणि आपण "आठवणींचा खेळ" म्हणत बसलो. एफसीईयूएक्स या इम्युलेटरमध्ये कॉन्फिग, मग रीजन, मग डेंडी. मेसेनमध्ये एनईएसच्या, म्हणजे निन्टेन्डोच्या अमेरिकन यंत्राच्या, सेटिंगमध्ये रीजन. नेस्टोपियातही आहे. तीन क्लिकचं काम.

'ऑटो' वर ठेवून हे आपोआप होईल या भ्रमात राहू नका. जुन्या एनईएस फाइलच्या सुरुवातीला १६ बाइटचं हेडर, म्हणजे गेमची ओळख सांगणारी नोंद, असते, त्यात डेंडी सांगायची सोयच नव्हती. नव्या, एनईएस २.० हेडरमध्ये ती आली, पण अमेरिकन गेमच्या हेडरमध्ये एनटीएससीच लिहिलेलं असणार. ऑटोला तुमच्या घरातला टीव्ही कुठून माहीत असणार?

हेडरचं नाव निघालंच आहे तर तो दुसरा वैताग. "कॉन्ट्रा लावला की नुसता करडा पडदा येतो, रॉम खराब आहे, दुसरा शोध." असे पाच-पाच रॉम उतरवतात लोक! आधी हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलचे बाइट दाखवणाऱ्या टूलमध्ये, फाइल उघडून बघा. कुठल्याशा जुन्या टूलने शेकडो रॉमच्या हेडरमध्ये 'डिस्कड्यूड!' अशी स्वतःची जाहिरात छापून ठेवली आहे. शून्यापासून मोजलं तर ती सातव्या बाइटपासून सुरू होते, आणि त्याच बाइटमध्ये मॅपरचा, म्हणजे कॅसेटमधल्या सर्किटचा, अर्धा क्रमांक असतो. 'डी' अक्षरामुळे मॅपरमध्ये ६४ मिळवले जातात. अमेरिकन कॉन्ट्राचा मॅपर २, तो होतो ६६. मारिओचा ०, तो होतो ६४. भलतंच सर्किट समजून गेम वाचला तर करडा पडदाच येणार. या दोन गेमसाठी उपाय: सातव्या ते पंधराव्या बाइटपर्यंत सगळं शून्य करा, सेव्ह करा. चांगले इम्युलेटर ही घाण ओळखून दुर्लक्ष करतात. मोबाइलवरची फुकट, जाहिरातींनी भरलेली ॲप्स करतीलच याची खात्री नाही. आणि फाइलचा आकार बघायला काय जातं? मारिओ ४०,९७६ बाइट, अमेरिकन कॉन्ट्रा १,३१,०८८. आकडा जुळत नसेल तर तुमच्याकडे तो गेम नाही, त्याची कुणीतरी मोडतोड केलेली आवृत्ती आहे.

डेंडी लावल्यावर पुढची तक्रार ठरलेली: "आता पडदा सरकताना झटके बसतात." बसणारच! मॉनिटर ६० हर्ट्झवर आहे आणि गेम ५० वर. दर पाच फ्रेमला एक फ्रेम दोनदा दाखवावी लागते. विंडोजमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले इथे रिफ्रेश रेट ५० किंवा १०० मिळतो का बघा. नसेल तर ग्राफिक्स कार्डाच्या पॅनेलमधून ५० हर्ट्झचं कस्टम रिझोल्युशन बनवून बघा, अनेक मॉनिटर आणि टीव्ही ते निमूट घेतात. फ्रीसिंक किंवा जीसिंकवाला, म्हणजे गेमप्रमाणे रिफ्रेश रेट बदलणारा, मॉनिटर असेल तर रेट्रोआर्क या इम्युलेटर-ॲपमध्ये 'सिंक टू एक्झॅक्ट कंटेंट फ्रेमरेट' चालू करा आणि विषय संपवा.

चित्राच्या आकाराचंही तेच. १६:९ वर ताणलेला, इडलीसारखा पसरलेला मारिओ बघून डोळे फुटत नाहीत का लोकांचे? ॲस्पेक्ट रेशो पाल ठेवा. पालच्या दिसणाऱ्या २८८ ओळींपैकी गेम २४० च भरायचा, म्हणून जुन्या टीव्हीवर वर-खाली काळ्या पट्ट्या असायच्या आणि चित्र जरा बसकं दिसायचं. ते बसकेपण हवं असेल तर पाल, पण भिंतभर ताणणं नको. आणि चित्र गुळगुळीत करणारा तो बायलिनियर फिल्टर बंद करा, चष्म्यावर वाफ धरल्यासारखं दिसतं.

आवाज अजूनही "थोडा वेगळा" वाटतोय? तेही खरं असू शकतं. अनेक क्लोन-चिपांत चौकोनी लहरीच्या २५ आणि ५० टक्के या दोन रुंदींची अदलाबदल झालेली होती, त्यामुळे तेच सूर वेगळ्या वाद्यावर वाजल्यासारखे यायचे. मेसेनच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ड्यूटी सायकल, म्हणजे ही रुंदी, उलटवायचा खास पर्याय आहे. तो लावून एकदा कॉन्ट्रा ऐका.

कीबोर्डवाल्यांनी तर उच्छाद मांडलाय. "उडी मारून तिरकी गोळी लागतच नाही, इम्युलेटर भिकार आहे." इम्युलेटर नाही, कीबोर्ड! स्वस्त कीबोर्डात बटणांची जाळी अशी असते की ठरावीक तीन बटणं एकत्र दाबली की एक गिळलं जातं. वर, उजवीकडे आणि फायर हा नेमका तसला संच. दिशा बाणांवर ठेवून उडी आणि फायर कंट्रोल-शिफ्टवर टाका, ती बटणं सहसा अडकत नाहीत. क्लोनच्या पॅडवरची टर्बो बटणं हवी असतील तर दोन फ्रेम दाबलेलं, दोन फ्रेम सोडलेलं असं ठेवा. एकेक फ्रेमचं ठेवलं की काही गेम निम्म्या गोळ्या खातात, आणि मग पुन्हा इम्युलेटरच्या नावाने बोंब.

राहिला उशीर. बटण दाबल्यावर मारिओ खड्ड्यात पडल्यानंतर उडी मारत असेल, तर आधी टीव्हीचा गेम मोड चालू करा. मग रेट्रोआर्कमध्ये पी दाबून गेम थांबवा, उडीचं बटण धरून ठेवा आणि के एकेकदा दाबत फ्रेम मोजा. ज्या फ्रेमला मारिओ हलतो त्याच्या एक कमी, तेवढा आकडा रन-अहेडमध्ये, म्हणजे उशीर भरून काढणाऱ्या सेटिंगमध्ये, घाला. अंदाजाने ४ घालू नका, मारिओ झटके देत उडेल आणि तुम्ही परत तक्रार घेऊन याल.

आणि कृपा करून, बदकं मारायची ती बंदूक एलसीडीपुढे धरून "चालत नाही" असं सांगू नका. ट्रिगर दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, आणि बंदूक पिक्चर ट्यूबच्या त्या क्षणाच्या उजेडाची वाट बघते. एलसीडीला तो चौकोन दाखवायलाच उशीर होतो, आणि दाखवला तरी ट्यूबसारखी लुकलुक त्यात नसते. बदक उडून जाणारच. माउस जोडा, नाहीतर भंगारवाल्याकडे डब्बा टीव्ही बघा.