हेडरचं पॅक म्हणजे लूट? फिरत्या मेसेजमधला एकेक मुद्दा

गेल्या महिनाभरात एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आला. आधी हडपसरच्या आमच्या सोसायटीतल्या पोरांच्या गेमिंग ग्रुपवर, मग ऑफिसच्या ग्रुपवर, आणि शेवटी दौंडजवळच्या आमच्या गावाहून पुतण्याने पाठवला. खाली त्याने विचारलं होतं, "काका, हे खरंय का?" त्याच्यासाठी लिहायला बसलो आणि उत्तर बरंच लांबलं. मेसेज असा आहे:

"फार्मिंग सिम्युलेटर खेळणाऱ्यांनो सावधान! हार्वेस्टरचे हेडर, पॅक, मॉड ही निव्वळ लूट आहे. 1) पॅक विकत घेतल्याशिवाय कापणीच करता येत नाही. 2) मोठा हेडर लावला की उत्पन्न वाढतं, म्हणजे पैसेवाल्याचाच खेळ. 3) खऱ्या हार्वेस्टरला असले सुटे हेडर नसतातच, सगळं काल्पनिक. 4) फुकटचे मॉड म्हणजे व्हायरस. 5) मोबाईलवर सगळे मॉड चालतात, फक्त लिंक उघडा."

ज्यांनी हा शेतीचा गेम उघडलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. हेडर म्हणजे हार्वेस्टरच्या पुढे बसणारं कापणीचं तोंड. गेममध्ये हार्वेस्टर वेगळा घ्यायचा, हेडर वेगळा घ्यायचा, आणि पीक बदललं की हेडरही बदलायचा. पॅक म्हणजे गेम बनवणाऱ्या कंपनीने मूळ गेमनंतर दिलेली जादा भर, आणि मॉड म्हणजे हौशी खेळाडूंनी बनवलेली.

पहिल्या मुद्द्यापासून घेऊ. पॅकशिवाय कापणी होत नाही, हे धडधडीत चूक आहे. नोव्हेंबर 2021 मध्ये आलेल्या फार्मिंग सिम्युलेटर 22 मध्ये मूळ गेममध्येच 400 हून जास्त यंत्रं आणि अवजारं होती. गहू, बार्ली, सोयाबीनसाठी धान्याचा हेडर, मक्याचा वेगळा हेडर, कापूस वेचणारं यंत्र, बटाटा आणि बीट काढणारी यंत्रं, ऊसतोडणी यंत्र, हे सगळं त्यात होतं. 12 नोव्हेंबर 2024 ला आलेल्या 25 मध्ये त्यात भाताची भर पडली. (17, 19, 22, 25 हे या गेमच्या आवृत्त्यांचे आकडे.) एक रुपयाही जास्त न घालता माणूस वर्षभर खेळू शकतो. मी 19 आल्यापासून खेळतोय आणि पहिलं पॅक फार उशिरा घेतलं.

पण हा गैरसमज कुठून आला तेही सांगायला हवं, कारण त्यात थोडं तथ्य आहे. ऊस या गेममध्ये पहिल्यांदा आला तो 2017 साली, 17 च्या प्लॅटिनम आवृत्तीसोबत. दक्षिण अमेरिकेतला नकाशा आणि ऊस असं ते एकत्र होतं. ज्याच्याकडे फक्त मूळ 17 होता, त्याला ऊस तोडायचा तर जादा पैसे मोजावेच लागले. पुढच्या 19 मध्ये मात्र ऊस मूळ गेमचाच भाग झाला. 22 मध्ये गाजराचंही असंच झालं, ते 2023 च्या प्रीमियम विस्तारासोबत आलं. म्हणजे एखाद्या नव्या पिकासाठी कधीकधी पैसे पडतात, एवढं खरं. त्यावरून 'कापणीच होत नाही' असं म्हणणं म्हणजे स्ट्रॉबेरीचं रोप विकत आणावं लागतं म्हणून शेतीच करता येत नाही असं म्हणण्यासारखं आहे.

शिवाय कंपनीचं प्रत्येक जादा पॅक विकतचं नसतं. अचूक शेतीचं 'प्रिसिजन फार्मिंग' 2020 मध्ये 19 साठी आलं, तेही फुकट. ते शेतीची यंत्रं बनवणाऱ्या जॉन डीअरसोबत आणि युरोपातल्या ईआयटी फूड या संस्थेच्या पाठबळावर तयार झालं होतं. त्यात मातीचा प्रकार, सामू, नत्र हे सगळं जागेनुसार बदलतं, आणि हार्वेस्टर फिरला की रानाच्या कोणत्या कोपऱ्यात किती पिकलं याचा नकाशा तयार होतो. हार्वेस्टरशी जोडलेल्या सगळ्या गोष्टींत मला सर्वात मोलाची वाटते ती हीच.

लुटीबद्दल बोलायचंच तर मेसेजमध्ये नसलेली एक अडचण सांगतो. एकत्र खेळताना यजमानाने विकतचं पॅक चालू केलं असेल, तर ते पॅक नसलेल्याला आत येताच येत नाही. आमच्या रविवारच्या खेळात हे झालंय. एकाने हौसेने नवा हेडर घेतला आणि बाकीचे तिघं बाहेर. चौघांनी आधी बोलून घेतलं असतं तर संध्याकाळ वाया गेली नसती. फुकटचा मॉडही सगळ्यांकडे असावाच लागतो, पण तो निदान उतरवून घेता येतो.

दुसरा मुद्दा, मोठा हेडर म्हणजे जास्त उत्पन्न. इथे जरा थांबतो, कारण हीच समजूत बांधावरही ऐकू येते.

पीक किती येणार हे हार्वेस्टर रानात शिरायच्या आधीच ठरलेलं असतं. गेममध्ये ते खतावर, तणावर, नांगरटीवर, चुन्यावर ठरतं. सगळी मशागत नीट केली तर काहीच न केलेल्या रानापेक्षा उत्पन्न साधारण दुप्पट येतं, आणि त्यात सर्वात मोठा वाटा खताचा असतो. हेडर सहा मीटरचा असो वा बारा मीटरचा, एका हेक्टरातून टाकीत पडणारं धान्य तेवढंच.

बदलतो तो वेळ. गेममध्ये धान्याचे बहुतेक हेडर ताशी 10 किलोमीटरच्या आसपास चालतात. सहा मीटरचा हेडर त्या वेगाने तासाला सहा हेक्टर कापतो, बारा मीटरचा बारा हेक्टर. हे झालं कागदावर. आता 100 मीटर बाय 100 मीटरचं, म्हणजे एक हेक्टरचं रान घ्या. सहा मीटरच्या हेडरला 17 फेऱ्या लागतात, बारा मीटरच्याला 9. फेऱ्या वाचल्या, पण टाकी निम्म्या वेळात भरली. आता ट्रॉली घेऊन कोणी शेजारी हजर नसेल तर हार्वेस्टर रानात उभाच. म्हणजे मोठा हेडर घेतला की दुसरी ट्रॉली आली, ती ओढायला ट्रॅक्टर आला, आणि हेडर वाहून न्यायला वेगळी गाडीही आली. कारण बारा मीटरचं तोंड पुढे लावून गेममधल्या अरुंद रस्त्यावरून जाता येत नाही. ते उतरवायचं, गाडीवर आडवं ठेवायचं, पुढच्या रानात पुन्हा जोडायचं. नवखा खेळाडू कर्ज काढून सर्वात रुंद हेडर घेतो आणि पुढच्या हंगामात बियाण्यालाही पैसे उरत नाहीत, हे मी कितीदा पाहिलंय.

ज्याची दोन-तीन छोटी रानं आहेत त्याने हेडर विकत घ्यायचीही गरज नाही. गेममध्ये यंत्र भाड्याने मिळतं. दुसऱ्याच्या रानातलं कापणीचं काम घेतलं तर लागणारी यंत्रं त्या कामापुरती मिळतात, थोडे पैसे तेवढे कापले जातात. आमच्या गावात सोयाबीनला हार्वेस्टर येतो तोही एकराच्या भावानेच. चार एकरवाला हार्वेस्टर विकत घेत नाही, आणि त्याला कोणी गरीब खेळाडू म्हणत नाही.

एका बाबतीत गेम खऱ्यापेक्षा सोपा आहे, हे मान्य. खऱ्या हार्वेस्टरमध्ये रुंद तोंडातून माल जास्त आला आणि वेग तोच ठेवला, तर मळणीला तो झेपत नाही. दाणे भुश्शातून मागे सांडतात. म्हणून चालक वेग कमी करतो. मूळ गेममध्ये ही सांडलवंड धरलेली नाही. धरली असती तर मोठ्या हेडरचा फायदा आणखी कमी दिसला असता.

आता तिसरा मुद्दा: खऱ्या हार्वेस्टरला सुटे हेडर नसतातच. हा वाचून मला खरोखर वाईट वाटलं. आपल्याकडे गव्हाच्या हंगामात पंजाबकडून येणारा हार्वेस्टर बहुतेकांनी पाहिलेला असतो. साधारण 14 फुटांचा कटर बार, पुढे फिरणारा रीळ, आणि तो वर्षभर तसाच जोडलेला. त्यामुळे ते सगळं एकच यंत्र असं वाटणं साहजिक आहे. पण तोही कटर बार सुटा होतो, आणि त्याच हार्वेस्टरला मक्याचं वेगळं तोंड बसवता येतं. मक्याला ओळीओळीने शिरणारी टोकदार नळकांडी लागतात, त्यांच्यामधले रोलर ताट खाली ओढतात आणि कणीस वर राहतं. गव्हाच्या पात्याने ते काम होत नाही. सोयाबीनच्या शेंगा जमिनीलगत असतात, तिथे जमिनीच्या उंचसखलपणाप्रमाणे वाकणारं पातं असेल तर खालच्या शेंगा वाया जात नाहीत.

जगात फक्त हेडरवर उभ्या राहिलेल्या कंपन्या आहेत. जर्मनीची गेरिंगहॉफ, इटलीची कापेलो, आणि मुख्यतः हेडरसाठीच ओळखली जाणारी कॅनडातल्या विनिपेगची मॅकडॉन. त्यांचे हेडर दुसऱ्या कंपन्यांच्या हार्वेस्टरला बसतात. 25 ची आगाऊ नोंदणी करणाऱ्यांना जे पॅक मिळालं ते याच मॅकडॉनचं होतं. ज्याला लोक काल्पनिक म्हणतायत ते खऱ्या कारखान्यातून बाहेर पडतं.

आणि पुणेकराने तरी हे म्हणू नये. चाकणला सीएनएचच्या कारखान्यात ऊसतोडणी यंत्रं बनतात, सणसवाडीला जॉन डीअरचे ट्रॅक्टर बनतात. डिसेंबरात मोशीला किसान प्रदर्शन भरतं, तिथे जाऊन यंत्रासमोर उभं राहावं. पुतण्याला मी तिथे घेऊन गेलो होतो. ऊसतोडणी यंत्रापुढे उभा राहून त्याने बरोबर सांगितलं, की वरचं चक्र वाढे छाटतं, खालची दोन पाती बुडखा कापतात, आत कांड्यांचे तुकडे होतात आणि पंखा पाचट बाहेर फेकतो. हे तो गेममध्ये शिकला होता. माझ्या चुलत्यांना, ज्यांची हयात उसात गेली, त्याचं कौतुक वाटलं. मग त्यांनी त्याला गेममध्ये नसलेली गोष्ट सांगितली: तीन फुटी सरीत हे यंत्र चालत नाही, त्याला साडेचार-पाच फुटांचा पट्टा लागतो. म्हणजे यंत्राने ऊस तोडायचा की नाही हे लागणीच्या दिवशीच ठरतं. गेममध्ये ओळीतलं अंतर असं मोजावं लागत नाही. तोडणीनंतर ऊस पुन्हा फुटतो, खोडवा येतो, एवढं मात्र तिथेही आहे.

अशा उणिवा आणखी आहेत. 22 पासून गेममध्ये ज्वारी आली आणि ती धान्याच्याच हेडरने कापली जाते. आमच्याकडे रब्बीची मालदांडी हाताने उपटतात, कारण दाण्याइतकीच किंमत कडब्याला असते. हार्वेस्टर कडब्याची नासाडी करतो. गेममधल्या ज्वारीला कडबाच नाही. मावळात इंद्रायणी लावणारा शेतकरी 25 मधलं भाताचं मोठं रान पाहील तेव्हा त्याला आपलं पाच गुंठ्याचं खाचर आठवेल, आणि त्यात बारा मीटरचा हेडर वळवायचा कुठे, हा प्रश्न पडेल. तेव्हा 'हा गेम आपल्या शेतीचा नाही' असं कोणी म्हणालं तर मी मान डोलवेन. 'ही यंत्रंच खोटी आहेत' हे मात्र मान्य नाही.

फुकटच्या मॉडबद्दलची भीती अर्धी बरोबर आहे, म्हणून ती नीट समजून घ्या. गेमच्या आतच मॉडहब आहे. तिथले मॉड फुकट असतात आणि गेम बनवणारी जायंट्स ही स्विस कंपनी ते तपासूनच ठेवते. हेडरचे शेकडो मॉड तिथे आहेत, जगभरातल्या हौशी लोकांनी रात्री जागून बनवलेले. धोका असतो तो इतर ठिकाणी, जिथे दुसऱ्याचा मॉड उचलून जाहिरातींच्या गर्दीत ठेवलेला असतो. ओळखायची खूण सोपी आहे. मॉड म्हणजे एक झिप फाईल असते, तिच्यात मॉडडेस्क नावाची माहितीची फाईल असते, आणि ती तशीच्या तशी मॉड्सच्या फोल्डरमध्ये टाकायची असते. मॉड बसवायला कोणी इन्स्टॉलर चालवायला सांगितला तर तिथेच थांबा. आणि 22 चा मॉड 25 मध्ये चालत नाही, त्यामुळे 'सगळ्या आवृत्त्यांसाठी' असं लिहिलेलं दिसलं तरी हात लावू नका.

पाचवा मुद्दा वाचून मी पुतण्याला लगेच फोन केला. मोबाईलवरच्या फार्मिंग सिम्युलेटर 23 मध्ये मॉडची सोयच नाही. कन्सोलवर मॉड चालतात, पण मॉडहबवरचेच, आणि त्यातही ज्यांच्यात वेगळी स्क्रिप्ट, म्हणजे गेमचं वागणं बदलणारा कोड, आहे ते नाहीत. ते फक्त कॉम्प्युटरवर. चौथ्या मुद्द्यात मॉडला व्हायरस म्हणणारा माणूस पाचव्यात अनोळखी लिंक उघडायला सांगतोय, आणि ती लिंक ज्या गोष्टीचं आमिष दाखवतेय ती मोबाईलवर अस्तित्वातच नाही. पुतण्याने ती अजून उघडली नव्हती. त्याने मेसेज पुढे पाठवला होता त्या दोन मित्रांना आम्ही फोन चालू असतानाच कळवलं.