तेरावं बिल

पडद्यावर बिल देखणं दिसत होतं. पडद्यावर काय हो, सगळंच देखणं दिसतं.

मार्केट यार्डातल्या एका भुसार दुकानासाठी बिलं छापायचा प्रोग्रॅम लिहायचं हे काम. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, दोन्ही कडांना भोकं असलेला सलग कागद आणि त्यावर आधीच छापून घेतलेलं बिल: वर गणपती, त्याखाली पत्ता, मग चौकटी. पट्टीने मोजून मी एकेक आकडा आपापल्या चौकटीत बसवला होता. घरच्या मशीनवर चाललंही.

दुकानात पहिलं बिल झकास आलं. शेठनी चहा सांगितला. दुसऱ्या बिलात गिऱ्हाइकाचं नाव पत्त्यावर चढलं, तिसऱ्यात गणपतीच्या सोंडेवर. चौथ्यात थेट कागदाच्या घडीवर, म्हणजे बिल फाडलं की गिऱ्हाइकाचे दोन तुकडे. चहा आला, पण एकच कप.

"साहेब, जरा खाली घ्या की," शेठ म्हणाले.

मार्जिन तपासलं, ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरमधला प्रिंटर हाकणारा प्रोग्रॅम, काढून पुन्हा टाकला (हा आमच्या धंद्यातला अंगारा), गुण नाही. छापत राहिलो. तेरावं बिल मात्र अचूक आलं! "तेराव्याला गोड झालं म्हणायचं," मुनीमजी चष्म्यावरून बघत म्हणाले.

तिथे ट्यूब पेटली. कागद 12 इंची, इंचाला 6 ओळी, म्हणजे 72. ड्रायव्हर 66 मोजूनच पुढचं बिल सुरू करत होता. दर बिल इंचभर वर. 12 बिलं 11 कागदांत उरकली की तेरावं पुन्हा जागेवर. घरी हा 12 इंची कागद मी विंडोजमध्ये हाताने नोंदवला होता, पण ती नोंद त्या मशीनपुरतीच. दुकानात ती न सापडल्यावर माझ्या प्रोग्रॅमने बोंब मारायची सोडून गुपचूप अमेरिकेतला 11 इंची लेटर कागद धरला. यार्डातल्या तुरीला अमेरिकेचं माप! शेठना अर्थात मी सगळं ड्रायव्हरच्या नावावर खपवलं.

प्रोग्रॅम दुरुस्त करून बसवायला दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी फोन. "साहेब, आता खाली उतरायला लागलंय."

धावत गेलो. प्रिंटरशेजारी स्टुलावर दुकानातला पोऱ्या बसलेला. मी नव्हतो त्या दोन दिवसांत शेठनी त्याला नेमलं होतं: बिल आलं की खुंटी फिरवून कागद इंचभर पुढं सरकवायचा. 'आता पुरे' असं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.