खेचून आणलेला निधी आणि माझ्या काउंटरवरचा गठ्ठा

माझं झेरॉक्सचं दुकान तहसीलच्या अगदी समोर आहे. मराठवाड्यातलं तालुक्याचं गाव. नाव सांगत नाही, तुमच्या तालुक्यातही तहसीलसमोर असंच एक दुकान असणार. परवा सकाळी शटर वर करते न करते तोच आमदारांच्या कार्यालयातली दोन पोरं बुलेटवर आली आणि काउंटरवर गठ्ठा आदळला. "ताई, येणाऱ्याजाणाऱ्याला एकेक द्या, साहेबांचा कार्यअहवाल आहे." ठेवू का, जागा आहे का, काही विचारणं नाही. माझ्या साडेतीन फुटी काउंटरवर आधीच लॅमिनेशनचं मशीन, डिंकाची बाटली आणि लोकांची विसरलेली आधार कार्डं. त्यात हे शंभर नग.

दुपारी लाइट गेली, मशीन बंद. बसल्या बसल्या वाचायला घेतला. तिथंच चुकलं माझं.

साहेब नोव्हेंबर २०२४ ला निवडून आले, अहवाल ऑगस्ट २०२५ चा. म्हणजे नऊ महिने. नऊ महिन्यांत बाई एक जीव जन्माला घालते, यांनी बत्तीस पानांची गुळगुळीत पुस्तिका घातली. आर्ट पेपर, चार रंग. मी छपाईच्या धंद्यातली आहे, एका प्रतीला काय खर्च येतो ते मला कुणी सांगायला नको. मी फोटो मोजले. एकसष्ट. कुदळ मारताना, नारळ फोडताना, फीत कापताना, हार घालून घेताना, कुणाच्या तरी लग्नात अक्षता टाकताना. होय, लग्नात. तेही कार्यातच धरलंय. 'सभागृहात आवाज उठवताना' असा फोटो एकच. कशासाठी आवाज उठवला ते लिहिलेलं नाही. मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यायला लावणारे तारांकित प्रश्न किती विचारले, तातडीच्या विषयावर कुठली लक्षवेधी सूचना लावली, तिला मंत्र्यांनी काय उत्तर दिलं? एक ओळ नाही. अहो, आम्ही तुम्हाला मुंबईला कशाला पाठवलं होतं? कुदळ काय, आमच्या गल्लीतला म्हादूही मारतो, आणि तुमच्यापेक्षा बरी मारतो.

आणि तो शब्द! 'खेचून आणला'. प्रत्येक पानावर. रस्त्यासाठी निधी खेचून आणला, पुलासाठी खेचून आणला, सभामंडपासाठी खेचून आणला. मुखपृष्ठावर तर मोठ्या अक्षरात बाराशे कोटी. कुणाकडून खेचला? मंत्रालयात काय रस्सीखेच चालते का? तो आमचाच पैसा आहे. मी टोनर घेते त्यावर जीएसटी भरते, डिझेल भरते त्यावर व्हॅट भरते. आमच्याच खिशातला पैसा आम्हालाच परत देताना 'खेचून आणला' म्हणायचं, म्हणजे चोराने पाकीट परत करून बक्षीस मागण्यातला प्रकार.

बरं, आमदाराच्या हक्काचा म्हणावा असा स्थानिक विकास निधी वर्षाला पाच कोटी. २०२२ मध्ये चाराचे पाच केले. मग बाराशे कोटी आले कुठून? तर ज्या ज्या कामाला सरकारदरबारी प्रशासकीय मान्यता मिळाली ते सगळं यांच्या नावावर जमा. प्रशासकीय मान्यता म्हणजे काम करायला कागदावर दिलेली मंजुरी, पैसा नव्हे हो! माझ्याकडे एका कंत्राटदाराचा पोरगा बिलांच्या झेरॉक्स काढायला येतो. त्यानेच एकदा समजावून सांगितलं. अर्थसंकल्पात कोटींचं काम घेतात आणि पहिल्या वर्षी त्याला नावापुरती टोकन तरतूद ठेवतात. नारळ फुटतो, फ्लेक्स लागतो, काम सुरू होतं, बिल मात्र अडकतं. आता तोच पोरगा उधारीवर झेरॉक्स काढतो. २०२५ मध्ये राज्यभरातले कंत्राटदार थकलेल्या बिलांसाठी आंदोलनं करत होते आणि इकडे पान नंबर सात वर असाच एक अडकलेला रस्ता 'पूर्णत्वास' गेलाय. मी त्या रस्त्याने रोज येते. पूर्णत्वास माझी कंबर चाललीये.

अर्थसंकल्पावर म्हणून एक वेगळं पान आहे. मथळा 'सर्वांगीण विकासाचा संकल्प', खाली मुख्यमंत्र्यांना पुष्पगुच्छ देताना फोटो. आकडा? शून्य. तर आकडे मी सांगते, पेपर मीही वाचते. १० मार्च २०२५ ला राज्याचा अर्थसंकल्प मांडला, सात लाख कोटींचा. त्यात महसुली तूट ४५ हजार ८९१ कोटी. म्हणजे रोजच्या खर्चालाच पैसे कमी पडणार हे मांडतानाच कबूल. आणि ३० जूनला पावसाळी अधिवेशन सुरू झालं त्याच दिवशी ५७ हजार ५०९ कोटींच्या पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पावर वरून जादा खर्च! पुरते चार महिनेही झाले नव्हते. माझ्या घरात मी महिन्याचा हिशोब असा चुकवला असता तर सासूबाईंनी सात पिढ्या काढल्या असत्या. तिथे मात्र मागण्या आल्या, मंजूर झाल्या, मंडळी घरी. आमचे साहेब त्यावर काही बोलले का, आमच्या तालुक्याच्या वाट्याला त्यातलं काय आलं, मला एवढंच कळायला हवं होतं. त्यासाठी अर्धं पान पुरलं असतं. लग्नातल्या अक्षतांचा फोटो पाऊण पान आहे.

आता कायद्याचं. इथे माझं डोकं खरं फिरतं, कारण ते माझ्या दारात घडलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये वटहुकूम काढून जिथे शंभर-दोनशेचा स्टॅम्प चालायचा तिथे थेट पाचशेचा केला. मतदानाला महिना राहिला होता. तहसीलसमोर नुसता गोंधळ. पोराच्या शिष्यवृत्तीला उत्पन्नाचा दाखला हवा, दाखल्याला प्रतिज्ञापत्र हवं आणि प्रतिज्ञापत्राला पाचशेचा कागद. शेतमजूर बाई दिवसाला कमावते किती? माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून एकीने कमरेच्या पिशवीतून नोटा मोजल्या, चारशे ऐंशी भरल्या. वीस मी दिले. आणि मग कळलं की सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुळात स्टॅम्प लागतच नाही. २००४ पासून माफ आहे! तेव्हाच वीस वर्षं झाली होती! सरकारला पुन्हा पुन्हा सांगावं लागलं की बाबांनो, मागू नका. तरी मागत होते. ते वीस रुपये आठवले की अजून अंगाची आग होते. माझे गेले म्हणून नाही. पाचशेच्या पाचशे फुकट गेले म्हणून.

वटहुकूम काढला की तो नंतर सभागृहापुढे ठेवावाच लागतो. तेव्हा आमच्या माणसाने काय केलं? उभा राहून म्हणाला का, की माझ्या तालुक्यात दाखल्यासाठी लोकांना लुबाडतायत? कोण जाणे. तिथे आवाजी मतदान. अध्यक्ष 'होय'चे बहुमत, 'होय'चे बहुमत म्हणतात, विधेयक संमत. कोण होय म्हणालं, कोण तोंडात गुळणी धरून बसलं होतं, त्याची नोंद कुठली असणार? आणि ज्याची नोंद नाही ते पुस्तिकेत कसं येणार?

शेवटचा भाग 'नागरिक सेवा'. यात दाखले वाटप. आपण नुसतं 'दाखले वाटप' म्हणतो आणि पुढे जातो, पण थांबा जरा. दाखला म्हणजे काय पेढे आहेत का वाटायला? २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे महाराष्ट्रात. उत्पन्नाचा दाखला पंधरा दिवसांत द्यायचा, नाही दिला तर अपील, अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार दंड. तसा फलक प्रत्येक कार्यालयात लावायचा असतो. आमच्याकडे तो फलक आहे, कपाटाच्या मागे. दंडाचा भाग तेवढा दिसत नाही. तर जे कायद्याने मिळायलाच हवं ते आधी तीन तीन महिने अडवायचं आणि मग मांडव घालून शिबिरात हातात द्यायचं. वर टाळ्या वाजवायलाही आम्हीच. त्यात निवडणुकाच न झाल्याने नगरपालिकेवर तेव्हा कित्येक वर्षं प्रशासक होता, नगरसेवक नावाचा प्राणी शिल्लकच नव्हता, त्यामुळे तुंबलेल्या गटारापासून मयताच्या दाखल्यापर्यंत सगळं साहेबांच्या कार्यालयात. त्यांना बरंच होतं की.

मागच्या पानावर नंबर आहे. 'चोवीस तास जनसेवेत.' लावला. पीए म्हणाला, "ताई, व्हॉट्सअ‍ॅपला डिटेल टाका, बघून घेतो." टाकले. निळ्या टिका आल्या. उत्तर अजून यायचंय, पण त्याच नंबरवरून दुसऱ्या दिवशी श्रावणी सोमवारच्या शुभेच्छा आल्या, वर साहेबांचा हसरा फोटो, पिंडीपेक्षा मोठा.

आणि मी डिटेल कुणाचे टाकले होते ते सांगते. पान एकोणीस उघडलं आणि मी उडालेच. फोटोत साहेब हसत एका म्हातारीला पाकीट देतायत. खाली ओळ : 'श्रावणबाळ योजनेच्या लाभार्थीस मंजुरीपत्र प्रदान करताना'. ती म्हातारी मला पाठ आहे! गेल्या पाच महिन्यांत तिने माझ्याकडे चार वेळा कागदांचा संच काढलाय. विधवा, सत्तरी ओलांडलेली, मुलगा ऊसतोडीला गेला तो तिकडचाच झाला. श्रावणबाळ म्हणजे निराधार म्हाताऱ्यांना दरमहा पैसे देणारी सरकारी योजना. तिचे महिन्याला दीड हजार, आणि ते मिळायला कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला एकवीस हजारांच्या आत हवं. वर्षाला! महिन्याचे सतराशे पन्नास होतात. त्या बत्तीस पानांत ही अट बदलायला हवी असं एक अक्षर नाही, आणि तशी मागणी करायचं ठिकाण कुठलं, तर जिथे हे बसतात तेच.

पैसे आता डीबीटीने थेट खात्यात. म्हातारीचं आधार खात्याला जोडलेलं नाही, जोडायला अंगठा मागतात, आणि जन्मभर खुरपं धरून अंगठ्यावर रेषाच उरल्या नाहीत. मशीन तिला ओळखत नाही. बँक म्हणते आधार केंद्रात जा, केंद्र म्हणतं तहसीलला विचार, तहसीलवाले म्हणतात पुन्हा कागद आणा. अजून एक रुपया आलेला नाही.

काल ती आली पाचव्यांदा. मी पान काढून दाखवलं. बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "हे लुगडं माझंच हाय."

"मावशी, त्या पाकिटात काय होतं हो?"

"योजनेचा कागुद व्हता. छापील. तो बी पोरानं माघारी घेतला, म्हणला दुसऱ्या बाईला द्यायचाय, फोटू काढायचाय."

मला काही बोलायलाच सुचेना. ती मात्र एकदम उजळली. पुस्तिका माझ्या हातात देत म्हणाली, "माय, ह्या पानाची एक झेरॉक्स काढ. कागदाला जोडते. आमदारानं सवता दिल्याला फोटू हाय, आता तर सायबाला मानावंच लागंल."

मी रंगीत काढून दिली. पैसे घेतले नाहीत.