आमच्याकडे कुत्रं कायमचं राहत नाही

‘एवढा लळा लावता आणि मग देऊन टाकता? काहीच कसं वाटत नाही तुम्हाला?’ लिफ्टमध्ये, भाजीच्या गाडीपाशी, कार्यालयात पंगतीला बसल्यावर हा प्रश्न येतोच, आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर मी पोटचं पोर विकून आल्यासारखा भाव असतो. वाटतं हो. चांगलंच वाटतं. पण रेस्क्यू केलेली कुत्री काही आठवडे सांभाळून पुढे देणारी, म्हणजे फॉस्टर करणारी घरं पुण्यासारख्या शहरातही बोटावर मोजण्याइतकी आहेत, आणि ‘मला नाही बाई जमणार, मी तर ठेवूनच घेईन’ हे वाक्य त्याचं एक मोठं कारण आहे. ऐकायला प्रेमळ आहे, उपयोगाचं नाही.

कुत्र्यांचा हंगाम भाद्रपदातला, हे मराठी माणसाला सांगायला नको. त्यावरून द्यायच्या शिव्यासुद्धा आपल्याकडे तयार आहेत. कुत्री साधारण ६३ दिवसांनी विते. म्हणजे दिवाळीपासून पुढे संक्रांतीपर्यंत बांधकामाच्या साइटवर, पार्किंगमध्ये, बंद टपरीखाली पिल्लंच पिल्लं. मग फोन सुरू होतात. ‘ताई, पाच पिल्लं आहेत, आई गाडीखाली गेली, तुमच्या संस्थेची गाडी पाठवा ना.’ माझी संस्थाबिंस्था काही नाही. कोथरूडला दोन बेडरूमचा फ्लॅट आहे, नवरा आहे, सासूबाई आहेत आणि जाळी बसवलेली एक बाल्कनी आहे. एवढ्यावर फॉस्टरिंग होतं.

‘शेल्टरला का नाही देत?’ हा पुढचा प्रश्न. शेल्टर वाईट असतात म्हणून नव्हे. पिल्लाला पहिली लस सहा ते आठ आठवड्यांचं झाल्यावर देतात, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढचे डोस, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. आईच्या दुधातून मिळालेलं संरक्षण मधेच कधीतरी ओसरतं, आणि लसीचं अजून पुरतं तयार झालेलं नसतं. नेमकं त्याच काळात पिल्लू अशा जागी गेलं, जिथे रोज आजारी कुत्री येतात-जातात, तर पार्व्हो हा पिल्लांच्या आतड्यांचा जीवघेणा आजार गाठतोच. त्याचा विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो. फिनाइलनं मरत नाही. एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी, आणि फरशी दहा मिनिटं तशीच ओली ठेवायची. आदल्या संध्याकाळी उड्या मारणारं पिल्लू सकाळी रक्ताची हगवण लागून निपचित पडलेलं ज्यांनी पाहिलंय, त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. खर्च पाच आकड्यांत जातो आणि तरी वाचेलच असं नाही. तेव्हा एक वेत एका घरात, बाहेरच्या कुत्र्यांपासून लांब, पहिले दोन आठवडे तर घरातल्या कुत्र्यापासूनही वेगळं. आमच्याकडे यासाठी मागचं बाथरूम आहे. पाहुणे आले की थोडी पंचाईत होते, पण पाहुणे आता कमीच येतात.

मोठ्या कुत्र्यांचं काम निराळं. आमच्याकडे गवार नावाची एक कुत्री होती. (सांभाळायला आलेल्यांना मी भाज्यांची नावं देते. दुधी, घेवडा, तोंडली सगळे होऊन गेले. नव्या घरी नाव बदलतंच, मग आपण कशाला डोकं शिणवा.) लांबलचक पाय, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी, आणि नाकातून रक्त. गोचीड ताप. प्लेटलेट्स एवढ्या खाली की डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला. डॉक्सिसायक्लिनचा कोर्स २८ दिवसांचा, आणि गोळी उपाशीपोटी गेली की उलटी ठरलेली. सासूबाईंना कुत्री आवडत नाहीत. आधी आवडत नव्हती आणि मग आवडायला लागली, असलं काही झालेलं नाही. आजही त्या पदर सावरूनच बाजूनं जातात. पण त्या निवृत्त परिचारिका आहेत. औषधाची वेळ चुकलेली त्यांना सहन होत नाही, मग पेशंट कोणी का असेना. ‘अगं, आठ वाजले, त्या गवारीला आधी खायला घाल’ हे त्या स्वयंपाकघरातून ओरडायच्या. औषधांची वही त्यांच्याकडेच होती.

औषध दवाखान्यातही मिळालं असतं. घरात राहून काय मिळालं, ते मला सांगायचंय. तिला फरशीवर चालता येत नव्हतं, पाय फाकायचे. कुकरची शिट्टी झाली की पलंगाखाली. पंख्याकडे बघून भुंकायची. पुरुषाच्या हातात छत्री दिसली की जागच्या जागी मुतायची. मिक्सरला मात्र कधीच घाबरली नाही, ते का ते देव जाणे. माणूस घराबाहेर गेला तर दोन तास शांत, त्यानंतर चपला. लहान मुलांशी छान, मांजराशी अजिबात नाही. हे सगळं पिंजऱ्यातल्या कुत्र्याबद्दल कोणालाच कळत नाही, कारण पिंजऱ्यात ना कुकर असतो ना छत्री. आणि हे कळलेलं असलं की तिच्यासाठी घर शोधताना अंदाजपंचे करावं लागत नाही. मांजर असलेल्या एका चांगल्या घराला मी नाही म्हटलं. दिवसभर कोणीतरी घरी असणाऱ्या एका जोडप्याला हो म्हटलं. दत्तक गेलेली कुत्री परत येतात ती बहुतेक वेळा कुत्रं वाईट म्हणून नाही, आधी नीट माहिती दिली-घेतली नाही म्हणून.

गवार आता चिंचवडला झोई म्हणून राहते.

तिला मी ठेवून घेतलं असतं तर? आपल्याकडे फॉस्टरनं कुत्रं ठेवून घेतलं की ‘फॉस्टर फेल’ म्हणून फोटो पडतो, खाली बदामांचा पाऊस, ‘किती भाग्यवान आहे ती’. मला हा कौतुकसोहळा खटकतो. एका कुत्र्याला घर मिळालं हे खरं. पण काही दिवसांपुरतं घर देणारी एक जागाही त्याच दिवशी गेली. ज्या घरात कायमची तीन कुत्री झाली, तिथे लस न झालेली पिल्लं कोण पाठवणार? मोडका पाय घेऊन आलेलं, शांतता हवी असलेलं कुत्रं कुठे ठेवणार? पहिल्याच कुत्र्याला ठेवून घेऊन या कामातून कायमची बाहेर पडलेली कितीतरी चांगली, हौशी माणसं मी बघितली आहेत. अपवाद असतात. म्हातारं, किडन्या गेलेलं, तीनेक महिन्यांचा सोबती असलेलं कुत्रं असेल तर त्याला आणखी हलवू नये, जिथे आहे तिथेच राहू द्यावं. धडधाकट, तरुण कुत्र्याबद्दल मात्र ‘माझ्याशिवाय ती राहूच शकणार नाही’ हे आपल्याला आपल्याबद्दल ऐकायला आवडणारं वाक्य आहे. ती राहते. पहिले दोन-तीन दिवस जेवत नाही, दाराकडे बघत बसते, नव्या माणसांचे भरल्या गळ्यानं फोन येतात. मग जेवते. तीनेक महिन्यांत सोफ्याचा कोपरा तिच्या नावावर झालेला असतो. मी मुद्दाम सुरुवातीला भेटायला जात नाही. भेट ही माझी गरज असते, तिची नाही.

आता फॉस्टरच्या बाजूनं थोडं भांडते, कारण प्राणिप्रेमी मंडळींनाही हे ऐकवायला हवं. कुत्रं आणून सोडेपर्यंत दिवसाला दहा फोन करणारे काही लोक नंतर फोनच उचलत नाहीत. औषधाचे पैसे? ‘बघू ना ताई.’ अॅडॉप्शनची पोस्ट? ‘टाकतो उद्या.’ दोन आठवडे म्हणून आलेलं कुत्रं सहा महिने राहिलं की त्या घरातली माणसं पुन्हा कधी या वाटेला जात नाहीत, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. म्हणून नव्यानं सुरू करणाऱ्यांना सांगते: कुत्रं घरात घेण्याआधी मेसेजवर लेखी ठरवा. डॉक्टर कोणता, बिल कोण भरणार, दवाखान्यात कोण नेणार, आणि अमुक तारखेनंतर जमलं नाही तर ते कुठे जाणार. असं विचारल्यावर ज्याला राग येतो त्याच्याकडून कुत्रं घेऊ नका.

आणि आधी स्वतः लस घ्या. रस्त्यावरची कुत्री हाताळणार असाल तर रेबीजची लस चावा बसण्याआधीच घेता येते: पहिला दिवस, मग सातवा, मग २१वा किंवा २८वा. पिल्लाचा काय रेबीज, असं समजू नका, पिल्लालाही होतो. दात किंवा नख लागलं तर आधी साबण आणि वाहतं पाणी, पूर्ण पंधरा मिनिटं, हळद-तिखट काही नाही, आणि त्याच दिवशी डॉक्टर. आधी लस झालेली असली तरी चावल्यावर दोन डोस घ्यावेच लागतात. आपल्या शेजारच्या गोव्यानं कुत्र्यांचं लसीकरण नेटानं करून २०२१ मध्ये रेबीज-नियंत्रित राज्याचा दर्जा मिळवला. त्यामुळे हे आपल्याकडे होणारच नाही, असं मला कोणी सांगू नये.

घरं निवडताना मी बरीच खडूस असते, असं लोक म्हणतात. असू दे. ‘फार्महाउसला ठेवू’ म्हणजे आठवडाभर साखळी आणि रविवारी आपण, हे ऐकून ऐकून कान किटलेत. शेतकऱ्याच्या घरी द्यायला माझी ना नाही, तिथली कुत्री फ्लॅटमधल्यांपेक्षा सुखी असू शकतात. पण एक विचारते की रात्री कुत्रं कुठे झोपणार? अकोले तालुक्यात झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला होता. जुन्नर-अकोल्याकडच्या माणसाला हा प्रश्न विचित्र वाटत नाही, तो लगेच सांगतो की ओसरीला जाळी आहे किंवा नाही. शहरातल्यांना विचारते: भाड्याचं घर असेल तर मालकाला माहीत आहे का, बाल्कनीला जाळी आहे का, बदली झाली तर काय, घरात बाळ आलं तर काय. ‘बाळ आल्यावर बघू’ म्हणणाऱ्यांना मी आत्ताच बघायला सांगते. सहा महिन्यांची झाली की नसबंदी करायची, आणि ठेवणं जमलं नाही तर रस्त्यावर किंवा तिसऱ्याला न देता माझ्याकडे परत आणायचं, हे लिहून घेते.

आणि रंग. ‘मेल आहे का? फिकट रंगात आहे का?’ दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री चालतात, भैरवाचं वाहनच काळं कुत्रं, पण घरात काळी कुत्री म्हटलं की ‘आईंना चालणार नाही’. आमच्या सासूबाईंनी विचारलं होतं, ‘काळी असली की गोचीड दिसत नाहीत, एवढंच ना?’ हा एकमेव व्यवहार्य आक्षेप मी आजवर ऐकलाय.

एक गोष्ट मात्र प्राणिप्रेमींना आवडणार नाही. दिसेल ते कुत्रं उचलून आणणं म्हणजे रेस्क्यू नव्हे. आपल्या गल्लीत वर्षानुवर्षं राहणारं, नसबंदी आणि लस झालेलं, दोन दुकानदारांच्या ओळखीचं कुत्रं तिथेच बरं आहे. भटक्या कुत्र्यांच्या जन्मनियंत्रणाच्या २०२३ च्या केंद्रीय नियमांचंही तेच सूत्र आहे: नसबंदी, लस, आणि जिथून उचललं तिथेच परत. भटक्या कुत्र्यांबद्दलच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२५ मधल्या आदेशांवरून सगळीकडे रणकंदन झालं, त्यावर इथे भांडायचं नाहीये. खाली कमेंटमध्येही नको, प्लीज. एवढंच म्हणते की शाळा, दवाखाने, बसस्थानकांच्या आवारातली कुत्री हलवायची आणि पुन्हा तिथे सोडायची नाहीत असं ठरलं, तर त्यातल्या माणसाळलेल्या, घरात राहू शकणाऱ्या कुत्र्यांना मधल्या काळात ठेवायला कोणाचं तरी घर लागणार. घरांची खरी गरज असते ती आई गेलेल्या पिल्लांना, तीन पायांच्यांना, अंधांना, आणि हौस फिटल्यावर टेकडीवर सोडून दिलेल्या हस्की-लॅब्रॅडॉरना. पुण्याच्या उन्हात हस्की आणणाऱ्यांबद्दल स्वतंत्र पोस्ट लिहीन, तिची भाषा मात्र सभ्य असेल याची हमी नाही.

सोसायटीबद्दल थोडक्यात. कुत्री ठेवायला बंदी, असा ठराव सर्वसाधारण सभेत बहुमतानं केला तरी चालत नाही. प्राणी कल्याण मंडळाचं २०१५ चं परिपत्रक आहे, त्याची प्रत फोनमध्ये ठेवा. पण परिपत्रक दाखवण्याआधी पिशवी आणि पाण्याची बाटली घेऊन खाली जायची सवय लावा, रात्री अकराला रडणाऱ्या पिल्लाला रस्त्याकडच्या खोलीत न ठेवता मधल्या खोलीत ठेवा, आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंना आधीच सांगून ठेवा की हे वीस-पंचवीस दिवसांपुरतंच आहे. ‘कायमचं नाही’ म्हटल्यावर निम्मा विरोध मावळतो.

तर, सध्या आमच्याकडे कारली आहे. साधारण चार महिन्यांची, मादी, पूर्ण काळी, छातीवर पांढरा ठिपका. सगळे प्राथमिक डोस आणि रेबीजची लस झाली आहे, जंताचं औषध वेळच्या वेळी. वर्तमानपत्रावर शू करते, दहीभात आणि उकडलेली अंडी खाते, मोबाइलचा चार्जर चावते. मोठी झाल्यावर मध्यम आकाराची होईल असा अंदाज आहे, पण पंजे मोठे आहेत, तेव्हा शब्द देत नाही. पुणे-पिंपरी-चिंचवडमध्येच द्यायची आहे, मी आधी घर बघायला येणार, आणि घरातल्या सगळ्यांशी बोलणार. मेसेजमध्ये ‘प्राइस?’ असं विचारलंत तर उत्तर येणार नाही.