खुलासा : फातिमा बीवी की अ‍ॅना चंडी?

‘न्या. फातिमा बीवी या भारतातील पहिल्या महिला न्यायाधीश. १९८९ पूर्वी देशात एकही स्त्री न्यायासनावर बसली नव्हती,’ असा मजकूर पुन्हा फिरतो आहे. तो चुकीचा आहे. फातिमा बीवी सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश होत्या, हे खरे. पण त्याआधी त्या स्वतःच तीसेक वर्षे न्यायखात्यात होत्या! १९५० मध्ये वकिलीची सनद, १९५८ मध्ये मुन्सफ (म्हणजे खालच्या दिवाणी न्यायालयातील न्यायाधीश), १९७४ मध्ये जिल्हा व सत्र न्यायाधीश, १९८३ मध्ये केरळ उच्च न्यायालय. एकेक पायरी चढत त्या दिल्लीला पोहोचल्या. हा मजकूर त्यांची ही सारी कमाईच पुसून टाकतो.

त्यांच्याही आधी अ‍ॅना चंडी होत्या. त्रावणकोर संस्थानात १९३७ मध्ये त्या मुन्सफ झाल्या, १९४८ मध्ये जिल्हा न्यायाधीश आणि १९५९ मध्ये केरळ उच्च न्यायालयात न्यायाधीश. देशातल्या कोणत्याही उच्च न्यायालयातील त्या पहिल्या महिला न्यायाधीश. त्यांचे नाव गाळले जाते, याचे मनापासून वाईट वाटते.

त्याच मजकुरात नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ‘१८९२ पासून वकिली करत होत्या’ असेही म्हटले आहे. त्या वर्षी त्यांनी ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली, एवढेच. स्त्री म्हणून सनद नाकारली गेली. अलाहाबाद उच्च न्यायालयाने ती दिली १९२१ मध्ये. देशभरातील स्त्रियांना वकिलीची मुभा देणारा कायदा तर १९२३ चा.