झेरॉक्स आणि पीडीएफ : प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की मागच्या लेखात मी दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्सवाल्याची बाजू घेतली आणि टेलिग्रामवर मराठी पुस्तकांच्या पीडीएफ टाकणाऱ्यांना मात्र चोर म्हटलं, हा सरळसरळ दुटप्पीपणा आहे, कॉपी ती कॉपी आणि कायदा तो कायदा. राग समजतो तुमचा, पण मला ह्या दोन गोष्टी आजही एक वाटत नाहीत.

आधी कायद्याचं बोलू. साने गुरुजी १९५० साली गेले. १९५७ च्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षं कॉपीराइट होता, म्हणजे गुरुजींचं लेखन २००० संपता संपता सगळ्यांसाठी मोकळं झालं असतं. पण मध्येच टागोरांच्या साहित्याची मुदत १९९१ अखेर संपायला आली, तेव्हा सरकारने ५० ची ६० वर्षं केली आणि त्या फेऱ्यात गुरुजींची पुस्तकंही आणखी १० वर्षं अडकली. २००५ ला विनापरवाना छापली असती तर गुन्हा, २०११ ला छापली तर काही नाही. काम तेच, पुस्तक तेच. मग त्यातलं पाप कुठे गेलं?

आणि हे मी नुसतं पुस्तकी बोलत नाहीये. कॉलेजात असताना आम्ही पाच-सहा मुली अंध विद्यार्थ्यांसाठी अभ्यासाची पुस्तकं कॅसेटवर वाचायचो, मग त्या कॅसेटच्या कॉप्या होऊन दुसऱ्या गावच्या होस्टेलला जायच्या, परवानगी वगैरे कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. तेव्हाच्या कायद्यात ह्याला स्पष्ट सूट नव्हती, ती २०१२ च्या दुरुस्तीत आली. म्हणजे दुरुस्तीआधी आम्ही चोर आणि नंतर साव? मला हे पटत नाही, आम्ही तेव्हाही बरोबरच होतो, कायदा उशिरा पोचला.

दिल्लीच्या केसमध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस हे तीन प्रकाशक २०१२ ला कोर्टात गेले होते, कारण प्राध्यापकांनी नेमलेली वेगवेगळ्या पुस्तकांतली पानं एकत्र करून झेरॉक्सवाला मुलांना देत होता. ज्यांची पानं होती त्यातल्याच काही लेखकांनी प्रकाशकांना सांगितलं की खटला मागे घ्या. २०१६ ला हायकोर्टाने कलम ५२ मधली शिकवण्यासाठीची सूट मान्य केली, आणि २०१७ ला प्रकाशकांनी दावा सोडला. एका प्रकरणासाठी हजारोंचं पुस्तक कुठला विद्यार्थी घेणार होता हो? तिथे बुडालेली विक्री मुळात होणारच नव्हती.

आता मराठीकडे या. इथे हजार प्रतींची आवृत्ती, कधी पाचशेचीच, ती संपायला चार-पाच वर्षं लागतात. ३०० रुपयांच्या पुस्तकावर १० टक्के रॉयल्टी धरली तर लेखकाला प्रतीमागे ३० रुपये. तीन वर्षं राबून लिहिलेलं पुस्तक बाजारात आलं की महिन्याभरात स्कॅन होऊन ग्रुपवर पडतं, आणि खाली 'धन्यवाद दादा, अजून टाका' म्हणणारे बहुतेक जण ते ३०० रुपये सहज देऊ शकणारे असतात, एका वेळच्या हॉटेलच्या बिलाएवढे. हे मला लागतं. माझ्या ओळखीचे एक लेखक आहेत, दुसरी आवृत्ती निघालीच नाही त्यांची, आणि जो भेटतो तो सांगतो की पीडीएफ वाचली, फार आवडलं. त्यांनी त्यानंतर लिहिलेलं नाही. निव्वळ पीडीएफमुळेच असं मी म्हणणार नाही, पण त्यांच्या घरी बसून हे ऐकलंय मी.

तेव्हा मी कलम बघून चोर म्हटलं नव्हतं. पुस्तक मिळत असताना, पैसे असताना, ज्याच्या कष्टाचं आहे त्याला डावलून घेतलं म्हणून म्हटलं.

एका ठिकाणी तुमचं बरोबर आहे. वीस-पंचवीस वर्षं छपाईत नसलेलं पुस्तक, लेखक हयात नाही, वारस कोण ते प्रकाशकालाही ठाऊक नाही, अशा पुस्तकाची कुणी जुनी प्रत स्कॅन करून ठेवली तर कायद्याने ते चूकच, पण मी त्याला चोर म्हणणार नाही, तसं सरसकट लिहिलं ती माझी चूक. लेखात तेवढी दुरुस्ती करते.

तुम्ही ते कोकणातल्या बोलीवरचं पुस्तक कुठेच मिळत नाही म्हणून पीडीएफ घेतली असं लिहिलंय. प्रकाशकाचं नाव कळवा, मी फोन करून विचारते. बऱ्याचदा गोडाऊनमध्ये पन्नासेक प्रती पडून असतात, पोस्टाने पाठवतात.